पारसिकच्या डोंगरात ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे?

महाप्याहून शिळफाट्याकडे जाताना रस्ता पारसिकचा डोंगर ओलांडतो. दोन्ही बाजूंना कापलेला काळा कातळ दिसतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनला आहे, हे शाळेत शिकलेली मुलं इथे आली की एकच प्रश्न विचारतात: मग ज्वालामुखी कुठे आहे? पुस्तकातल्या चित्रात शंकूच्या आकाराचा डोंगर असतो, वर खळगा असतो, खळग्यातून धूर निघत असतो. पारसिकला यातलं काहीच नाही. माथेरानला नाही, मलंगगडाला नाही, कळसूबाईलाही नाही.

या प्रश्नाला मोठी माणसं बहुधा 'तो आता विझला आहे' असं उत्तर देतात. त्याने समाधान होत नाही आणि होऊ नयेही. ज्वालामुखी विझला तरी त्याचं तोंड काही लगेच नाहीसं होत नाही. मुलांची शंका रास्त आहे. तिचं खरं उत्तर शोधायचं तर लाव्हा वर कसा आला इथपासून सुरुवात करावी लागते.

१. तोंड नव्हतं, भेगा होत्या

जमिनीखालचा वितळलेला खडक पृष्ठभागावर आला की त्याला लाव्हा म्हणतात. सगळे लाव्हा एकसारखे नसतात. ज्यात सिलिका जास्त, तो चिकट असतो. सिलिका म्हणजे वाळूत आणि काचेत असतो तोच पदार्थ. चिकट लाव्हात वायू अडकून पडतो, दाब वाढत जातो आणि शेवटी स्फोट होतो. इंडोनेशियातला क्राकातोआ १८८३ मध्ये फुटला, तो असा. असा लाव्हा आणि राख तोंडाभोवतीच साचत जातात आणि त्यांचा शंकू तयार होतो.

आपल्याकडचा लाव्हा बेसाल्ट जातीचा. त्यात सिलिका साधारण निम्मीच आणि बाहेर पडताना तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. असा लाव्हा पातळ असतो. तो साचून राहत नाही, उतार मिळेल तिकडे वाहत जातो. शिवाय तो एका भोकातून येण्याऐवजी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून वर येऊ शकतो. भूगोलाच्या पुस्तकात याला भेगीय उद्रेक म्हणतात. भेग मैलोन्‌मैल लांब आणि लाव्हा पातळ, मग शंकू तयार होणार कसा?

असा उद्रेक माणसांनी पाहिलेला आहे. आइसलंडमध्ये ८ जून १७८३ रोजी लाकी नावाच्या ठिकाणी जमीन फाटली. भेगांची रांग सुमारे २५ किलोमीटर लांब होती. आठ महिने लाव्हा येत राहिला. सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला आणि सुमारे ६०० चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली गेला. त्यासोबत आलेल्या विषारी वायूंनी गवत जळालं, गुरं मेली आणि पुढच्या दुष्काळात त्या बेटावरची पाचातली एक व्यक्ती दगावली.

आता आपल्याकडचं प्रमाण बघा. दख्खनचा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्र राज्य आहे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरचं. म्हणजे लाव्हाने आपल्या राज्याचा बहुतेक भाग व्यापून शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणातही पाय पसरले. त्यातले काही प्रवाह तर पार आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ, राजमहेंद्रीला सापडतात. पश्चिम घाटातल्या उगमापासून सुमारे हजार किलोमीटर. पृथ्वीवर ठाऊक असलेल्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांमध्ये त्यांची गणना होते.

मग त्या भेगा तरी आज दिसतात का? दिसतात. उद्रेक थांबला तेव्हा भेगेत उरलेला लाव्हा तिथेच थिजला आणि आजूबाजूच्या खडकात उभी शिरलेली एक दगडी पट्टी तयार झाली. भूशास्त्रात तिला भित्ती म्हणतात. अलिबाग ते मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कातळात अशा पट्ट्या सरळ रेषेत गेलेल्या दिसतात. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत तर त्या मोठ्या संख्येने आहेत. भोवतालचा मऊ खडक झिजल्यामुळे काही ठिकाणी त्या माळरानातून किलोमीटरच्या किलोमीटर उभ्या दिसतात. ज्वालामुखीचं तोंड शोधायला निघालेल्याने शिखरांकडे बघू नये, या पट्ट्यांकडे बघावं. सगळ्याच भित्तींतून लाव्हा पृष्ठभागापर्यंत पोचला असं नाही. काही वाटेतच थिजल्या. पण लाव्हा वर येण्याच्या वाटा या अशा होत्या.

एक अपवाद सांगायला हवा, आणि तो आपल्या शेजारचाच आहे. मुंबई बेटावरचे आणि साष्टीतले काही उद्रेक स्फोटक होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी ज्या खडकात कोरली आहेत, तो सलग बेसाल्ट नाही. ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेले तुकडे एकत्र घट्ट होऊन तो बनला आहे. दख्खनच्या मुख्य उद्रेकानंतरचा, वेगळ्या स्वभावाचा हा अध्याय आहे. घारापुरीची लेणी मात्र बेसाल्टमध्येच आहेत.

२. एक प्रवाह, मग दीर्घ विश्रांती

'लाखो वर्षं ज्वालामुखी धगधगत होता' असं वाक्य पुष्कळ पुस्तकांत येतं. त्यावरून सतत आग ओकणाऱ्या जमिनीचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. ते चुकीचं आहे. एक सोपा हिशेब करून पाहू.

दख्खनच्या लाव्हाचं मूळ घनफळ किमान १० लाख घन किलोमीटर असावं, असा अंदाज आहे. त्याचा मुख्य भाग साधारण साडेसात लाख ते दहा लाख वर्षांत बाहेर पडला. इथले मोठे उद्रेक लाकीच्या कितीतरी पट होते. सोयीसाठी एकेका उद्रेकाचा लाव्हा १,००० घन किलोमीटर धरू. म्हणजे असे १,००० उद्रेक झाले. साडेसात लाख वर्षांना १,००० ने भागा. दोन उद्रेकांमध्ये सरासरी ७५० वर्षं मिळतात! प्रत्यक्षात हे अंतर सारखं नव्हतं. कधी ते खूप कमी होतं, कधी हजारो वर्षांचं होतं. पण मुद्दा कळावा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून चारशे वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे बहुतेक काळ जमीन शांतच होती. थंड झालेल्या कातळावर पाऊस पडत होता, माती बनत होती, झाडं उगवत होती, तळी साचत होती.

याचा पुरावा मुंबईतच मिळाला. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांच्या मधे गाळाचा थर आहे आणि त्यात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. 'डायनोसॉर' हे नाव ज्याने रूढ केलं तोच हा ओवेन. बेडूक राहायचे म्हणजे गोडं पाणी हवं, किडे हवेत, निवांत काळ हवा.

कापलेल्या डोंगरात एक प्रवाह कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे तुम्हालाही ओळखता येतं. तीन खुणा पाहायच्या.

पहिली खूण बुडबुडे. लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर चढतो आणि प्रवाहाच्या माथ्याजवळ अडकतो. त्यामुळे थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. पुढे लाखो वर्षं कातळातून झिरपणाऱ्या पाण्याने ही छिद्रं पांढऱ्या, हिरवट किंवा बिनरंगी खनिजांनी भरून टाकली. त्यातली कठीण, काचेसारखी गारगोटी गावोगाव सर्वांच्या परिचयाची. बाकीची बरीच झिओलाइट गटातली. पुणे, नाशिक, जळगाव आणि मुंबई परिसरातल्या खाणींतली ही स्फटिकं जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत.

दुसरी खूण विटकरी लाल रंगाचा पातळ पट्टा. काळ्या थरांमध्ये हा पट्टा दिसला की समजावं, खालच्या प्रवाहाचा माथा बराच काळ उघडा पडला होता, त्याची माती होऊ लागली होती आणि मग वरून नवा लाव्हा आला. बोरघाटात, कसाऱ्यात, वरंध घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे हे पट्टे नीट दिसतात. अशा पट्ट्यासमोर उभं राहिलं की तुम्ही त्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळासमोर उभे असता.

तिसरी खूण उभे खांब. भात काढल्यावर खाचरातला चिखल वाळतो, आकसतो आणि त्याला पाच-सहा कोनांच्या भेगा पडतात. जाड लाव्हाप्रवाह थंड होतानाही असाच आकसतो. भेगा वरून आणि खालून आत सरकत जातात आणि सबंध थराचे उभे खांब होतात. चिखलात हे पाणी गेल्यामुळे होतं, लाव्हात उष्णता गेल्यामुळे. अंधेरीची गिल्बर्ट हिल याचं ठळक उदाहरण आहे. सुमारे ६० मीटर उंचीचे ते खांब आज इमारतींच्या गराड्यात आहेत, तरीही आवर्जून जाऊन बघावेत असे.

असे किती थर चढले? कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे आणि ती सगळी लाव्हाची आहे. सह्याद्रीत थरांची एकूण जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल भोक पाडून पाहिलं तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपला. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या विंधनात तो सुमारे ९३० मीटरवर संपला. दोन्ही ठिकाणी त्याखाली लाव्हापेक्षा कितीतरी जुना, ग्रॅनाइटसारखा खडक लागला.

३. मग हा डोंगर आला कुठून?

आता पहिल्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. तोंड नव्हतं, लाव्हा सपाट पसरला, हे कळलं. मग सपाट पसरलेल्या लाव्हाचा डोंगर कसा झाला?

तो झाला नाही, तो उरला. पारसिक समजून घ्यायचा तर हे एवढंच नीट मनात ठेवलं तरी पुष्कळ आहे. आज जिथे ठाण्याची खाडी आहे, जिथे कल्याणचा सखल भाग आहे, तिथेही एके काळी लाव्हाचे थर होते आणि ते आजच्या डोंगरमाथ्याच्या वरपर्यंत होते. पावसाने, ओढ्यांनी आणि नद्यांनी ते कोट्यवधी वर्षांत कापून नेले. मधे जे उरलं, त्याला आपण पारसिकचा डोंगर म्हणतो. माथेरानचंही तसंच. माथेरानचा माथा सपाट का, याचं उत्तर इथेच आहे. वरचा घट्ट थर लवकर झिजत नाही. तो खालच्या थरांना राखतो. कडेकडेने मात्र मऊ थर निसटतात आणि वरचा कातळ तुटून उभा कडा तयार होतो. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर चढताना कडा, मग उतार, पुन्हा कडा असं का लागतं, ते यावरून समजेल. कडा म्हणजे घट्ट थर, उतार म्हणजे सच्छिद्र आणि मऊ थर. तोच पुढे कुजून मुरूम होतो.

पारसिक आणि माथेरान यांच्यात एक फरक आहे. माथेरानचे थर जवळजवळ आडवे आहेत. तिथून पश्चिमेला, पनवेल–कल्याणच्या पट्ट्यापासून किनाऱ्याकडे येताना थर समुद्राकडे कलू लागतात, आणि पारसिक याच बाजूला आहे. मुंबईत हा कल सर्वसाधारण १० ते १५ अंशांचा आहे. भूशास्त्रज्ञ याला पनवेलचा बाक म्हणून ओळखतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले जॉन ऑडेन यांनी १९४९ मध्ये याकडे लक्ष वेधलं.

हे थर कलले कसे? लाव्हाचा मुख्य काळ संपल्यावर थोड्याच काळात, साधारण ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, भारताच्या पश्चिम कडेला लागून असलेला भूभाग तुटून अलग होऊ लागला. त्याचा अवशेष म्हणजे आजची सेशेल्स बेटं. जमीन ताणली गेली, कड खचली, आणि खचणाऱ्या बाजूकडे थर झुकले. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच भित्तीही किनाऱ्याला समांतर, उत्तर–दक्षिण आहेत. हाच ताण त्यांतही दिसतो. लाव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर संपत नाही. १९७४ मध्ये ज्या मुंबई हायवर तेल सापडलं, त्या परिसरातही समुद्रतळाखालच्या गाळाच्या खडकांच्या बुडाशी हा बेसाल्ट भेटतो.

पारसिकच्या पट्ट्यात दशकानुदशकं दगडखाणी चालल्या. मुंबई आणि नवी मुंबईच्या काँक्रीटमध्ये पडलेली पुष्कळशी खडी या थरांची आहे. निसर्गाला जे कापायला कोट्यवधी वर्षं लागली असती, ते क्रशरने एका पिढीत कापलं. मला हे मनापासून खटकतं. पण जिथे कातळ आता उघडा पडलाच आहे, तिथे त्याचे थर वाचायला तरी शिकावं.

४. '६ कोटी ६० लाख वर्षं' हे कळलं कसं?

दख्खनच्या लाव्हाच्या वयाचा हा आकडा मुलं पाठ करतात. त्यामागची पद्धत क्वचितच कुणी सांगतं. ती अवघड नाही.

लाव्हात पोटॅशियम असतं. पोटॅशियमच्या दहा हजार अणूंमध्ये साधारण एक अणू अस्थिर असतो. त्याला पोटॅशियम-४० म्हणतात. हा अणू आपोआप बदलतो, कुणी काही न करता. कुठला अणू कधी बदलेल हे सांगता येत नाही, पण पुष्कळ अणू घेतले तर त्यांचा वेग ठरलेला असतो. १२५ कोटी वर्षांत निम्मे बदलतात. त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. बदललेल्यांपैकी बहुतेकांचं कॅल्शियम होतं आणि साधारण दहातल्या एकाचा आर्गॉन वायू होतो.

खरी युक्ती आर्गॉनमध्ये आहे. खडक वितळलेला असतो तेव्हा आर्गॉन निसटून जातो. लाव्हा घट्ट झाला की त्यानंतर तयार होणारा आर्गॉन आत अडकून राहतो. म्हणजे घट्ट होण्याच्या क्षणी मोजणी शून्यापासून सुरू होते. आज त्या दगडात अडकलेला आर्गॉन आणि शिल्लक पोटॅशियम मोजलं की वय निघतं.

पारसिकसारख्या दगडात काय दिसेल? अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं आणि दगडाचं वय ६.६ कोटी, म्हणजे अर्धायुष्याचा एकोणिसावा भाग. हिशेब केला तर पोटॅशियम-४० च्या दर १,००० अणूंपैकी सुमारे ३६ आतापर्यंत बदलले. त्यांतल्या साधारण चारांचा आर्गॉन झाला. हजारात चार! एवढा थोडा वायू अचूक मोजायला फार नाजूक यंत्रं लागतात, आणि दगड जरा जरी कुजलेला असेल तरी आर्गॉन गळून वय चुकतं. म्हणून शास्त्रज्ञ थराच्या मधला ताजा, घट्ट तुकडा निवडतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगळी वाट घेतली गेली. थरांमध्ये सापडलेल्या झिरकॉन नावाच्या सूक्ष्म स्फटिकांतलं युरेनियम आणि शिसं मोजून आणखी नेमकी वयं काढली. त्यातून दिसलं की मुख्य उद्रेक सुमारे साडेसात लाख वर्षं चालला, आणि डायनोसॉर संपले त्याच्या साधारण अडीच लाख वर्षं आधी तो सुरू झाला होता.

मग डायनोसॉर आपल्या लाव्हाने मारले का? मेक्सिकोत चिक्षुलूब इथे त्याच काळात एक प्रचंड अशनी आदळला, त्याचा पुरावा पक्का आहे. दख्खनच्या वायूंनी हवामान आधीच किती बिघडवलं होतं, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिजदुरा इथे लाव्हाखालच्या गाळात डायनोसॉरचे जीवाश्म सापडतात. लाव्हा येण्याआधी ते प्राणी इथे नांदत होते, एवढं तर त्यावरून नक्की कळतं.

५. त्या वेळी महापे पृथ्वीवर कुठे होतं?

भारत सरकत आला, हे तुम्ही वाचलेलं असेल. लाव्हा येत होता तेव्हा आपला प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या आसपास होता. तिथे पृथ्वीच्या पोटातून उष्णतेचा एक झोत वर येतो. त्या झोतावरून भारत सरकत गेला तेव्हा दख्खनचा लाव्हा आला. भारत उत्तरेकडे निघून गेला, झोत मागे राहिला आणि वाटेत समुद्राखाली ज्वालामुखींची एक माळ तयार होत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि मॉरिशस तिच्यावर आहेत. टोकाला रियुनियन बेट, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागा आहे.

मुंबई ते रियुनियन हे अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. सेंटिमीटरमध्ये ४८ कोटी. त्याला ६.६ कोटी वर्षांनी भागलं की वर्षाला साधारण ७ सेंटिमीटर येतात. ही ढोबळ सरासरी झाली. भारत आधी याच्या दुपटीहून जास्त वेगाने धावत होता. आशियाला धडकल्यावर तो मंदावला आणि आज वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. झोत आणि त्याच्या बाजूचा आफ्रिकेचा भूपट्टही अगदी जागच्या जागी राहिलेले नाहीत. तरीही साध्या भागाकाराने योग्य आकार हाती येतो.

हे सगळं नुसत्या नकाशावरून ठरवलेलं नाही. दगडातच त्याची नोंद आहे. बेसाल्टमध्ये चुंबकीय लोखंडी खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना ते त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेने लागतात आणि तसेच गोठतात. आज मुंबईत चुंबकसुई मधोमध मोकळी टांगली तर तिचं उत्तर टोक जमिनीकडे झुकतं. विषुववृत्ताच्या बरंच दक्षिणेला ते वर उचललं जातं. किती झुकतं, त्यावरून अक्षांश काढता येतो. जे. ए. क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या दगडांतलं चुंबकत्व मोजून १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे दगड गोठले तेव्हा ते आजच्यापेक्षा फार दक्षिणेला होते, असं त्यातून दिसलं. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हती. ती मान्य व्हायला सह्याद्रीतल्या कातळानेही हातभार लावला, याचा मला अभिमान वाटतो.

६. वज्रेश्वरीचं पाणी गरम आहे, मग खाली अजून आग आहे का?

नाही. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे गरम पाण्याचे झरे आहेत. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत कोकणात असे झरे ओळीने सापडतात. पण त्यासाठी लाव्हा लागत नाही. पृथ्वीत खाली जाऊ तसं तापमान वाढतं, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी २७ अंशांचं धरा. ते कातळातल्या भेगांतून एक किलोमीटर खाली उतरलं तर ५० अंशांच्या पुढे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आलं तर गरमच राहतं. किनाऱ्याजवळची जमीन ताणली जाऊन तिला खोल भेगा पडल्या, हे आपण वर पाहिलंच.

पारसिक पुन्हा फुटेल का, हाही प्रश्न मुलं विचारतात. ज्या झोताने लाव्हा दिला तो ४,८०० किलोमीटर मागे राहिला. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे आणि त्याचं कारण निराळं आहे. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो.

७. डोंगराखालची सपाट जमीन

महाप्याच्या एका अंगाला ६.६ कोटी वर्षांचा कातळ आहे. पश्चिमेला ठाणे–बेलापूर रस्ता ओलांडून खाडीकडे गेलं की चिखल लागतो, आणि तो भूशास्त्राच्या हिशेबात अगदी ताजा आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि सखल दऱ्यांत शिरला. साधारण ७,००० वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीच्या जवळ येऊन स्थिरावला. ठाण्याच्या खाडीत भरतीबरोबर येणारं पाणी थबकतं तेव्हा गाळ खाली बसतो. तिवरांची मुळं तो धरून ठेवतात. त्या गाळावर आगरी शेतकऱ्यांनी बांध घातले, पाणी सोडायला उघाड्या बसवल्या, खारजमिनीत भात आणि मिठागरांत मीठ पिकवलं. त्यानंतर भराव आले, औद्योगिक वसाहत आली, शहर आलं. म्हणून महापे–घणसोलीच्या पट्ट्यात पाया खणताना थोड्याशा अंतरात कुठे हातभर खाली काळा दगड लागतो, तर कुठे खोलवर मऊ चिखल.

दोन्ही जमिनींचा अनुभव एका कामात आला आहे. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे–कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत जातो. त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून आहेत. खाडीच्या चिखलाच्याही खाली उतरून तो कातळात जातो. बोगद्याची सर्वांत खोल जागा मात्र खाडीखाली नाही. शिळफाट्याजवळ पारसिकच्या माथ्याखाली तो ११४ मीटर खोल आहे. घणसोली ते शिळफाटा हा सुमारे ४.९ किलोमीटरचा टप्पा सुरुंग लावून खोदला आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी तो आरपार झाला. याच डोंगरातला ठाणे–दिवा मार्गावरचा पारसिक बोगदा १९१६ पासून वापरात आहे. त्याची लांबी १.३ किलोमीटर आहे.

करून पाहा

पावसाळा संपल्यावर जा. पावसात कापलेल्या कातळाखाली उभं राहू नका, आणि खाणीत परवानगीशिवाय व मोठ्या माणसांशिवाय शिरू नका. रस्त्याकडेला पडलेला पांढऱ्या ठिपक्यांचा दगड उचला. ठिपक्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर ते कॅल्साइट. बुडबुडे आले नाहीत आणि पोलादी पात्यानेही ओरखडा उठला नाही, तर ती गारगोटी. बुडबुडे नाहीत पण ओरखडा उठतो, तर बहुधा झिओलाइट.

मग डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यातली मूठभर वाळू घेऊन कागदावर वाळवा. कागदाखालून चुंबक फिरवा. काळे कण चुंबकामागे धावतील. ते मॅग्नेटाइट गटातले, म्हणजे लाव्हा थिजताना ज्यांत त्या काळची दिशा गोठली, त्याच जातीचे. मात्र वाळूतल्या या कणांवरून तुम्हाला अक्षांश काढता येणार नाही. दगड फुटून ते वाहत आले आणि कसेही वळले. म्हणून असा अभ्यास करणारे लोक कातळाचा तुकडा काढण्याआधी, तो जागच्या जागी असतानाच, त्यावर उत्तर दिशेची रेघ मारतात आणि त्याचा उतार मोजून वहीत लिहितात. ती रेघ मारायची राहिली, तर तुकडा प्रयोगशाळेत नेऊनही उपयोग होत नाही.